फोल्समच्या तलावावर जेट स्की : कार्ड, सील आणि पहिले वळण

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून इंजिनाची होडी चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ, त्याचे वय कितीही असो, राज्याचे ‘बोटर कार्ड’ असणे बंधनकारक झाले. कायदा मुळात २०१४ सालचा आहे. त्याची अंमलबजावणी २०१८ मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या चालकांपासून सुरू झाली आणि वयाची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत २०२५ मध्ये सर्वांना लागू झाली. जेट स्की, म्हणजे पाण्यावर चालणारी स्कूटर, कितीही खेळण्यासारखी दिसली, तरी कायद्याच्या लेखी ती होडीच असते. भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला या कार्डातून सूट आहे. परंतु सॅक्रामेंटोजवळच्या फोल्सम तलावावर चालवायला आम्हाला भाड्याची नको होती, कारण माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती नीट शिकायची होती आणि भाड्याच्या तासाभरात नीट शिकणे होत नाही.

माझा स्वतःचा आधीचा अनुभव तारकर्लीच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे पुढे मी हँडल धरून बसलेली आणि मागे बसलेल्या मुलाने माझ्या दोन्ही बाजूंनी हात घालून यंत्र चालवलेले. त्याला अनुभव म्हणणे कठीण आहे. येथील नियम मात्र असा की, सोळा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने जेट स्की चालवता येत नाही. बारा ते पंधरा वयाच्या मुलासोबत त्याच यंत्रावर अठरा वर्षांवरील व्यक्ती बसलेली असावी लागते, आणि मुलाजवळ स्वतःचे कार्ड नसेल तर त्या व्यक्तीजवळ ते असावे लागते. माझ्या नवऱ्याला पाण्याची भीती आहे. त्यामुळे मुलाच्या मागे बसण्याचे काम, आणि म्हणून आधी स्वतः शिकण्याचे काम, माझ्याकडे आले. त्या वेळी मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि पोहणे येत असले तरी ते तरणतलावापुरतेच होते.

कार्डासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती घरबसल्या देता येते आणि ‘बोट-यूएस फाउंडेशन’चा अभ्यासक्रम तर विनामूल्य आहे. तरीही मी तटरक्षक दलाच्या स्वयंसेवकांचा, म्हणजे ‘कोस्ट गार्ड ऑक्झिलरी’चा, वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम निवडला, कारण मला प्रश्न विचारायचे होते. शनिवार, १५ फेब्रुवारीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग चालला आणि शेवटी लगेच परीक्षा झाली. पुस्तकासह ४५ डॉलर लागले. आदल्या आठवड्यात राज्याच्या नौकायन विभागाची कायद्याची विनामूल्य पुस्तिका वाचून गेल्यामुळे वर्ग जड गेला नाही. हे अवश्य करावे, कारण दिवसभरात इतके काही सांगितले जाते की दुपारच्या जेवणानंतर कान बंद होतात.

वर्गात सर्वांत अधिक वेळ वाटेच्या नियमांवर गेला. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे. आडवी होडी आपल्या उजवीकडून येत असेल तर तिला वाट द्यावी. पुढच्याला ओलांडणाऱ्याने स्वतः लांब राहावे. पाण्यावर रस्त्याच्या रेघा नसल्यामुळे हे नियम डोक्यात पक्के बसलेले असावेच लागतात. शंकूच्या आकाराचे लाल बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, समुद्रातून परतताना उजव्या हाताला ठेवायचे असतात, हे मी घरी येऊन आमच्या शेजाऱ्यांना सांगितले, तेव्हा ते हसले. हे दादा मूळचे मालवणचे असून त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या आहेत. भारतात लाल बोया परतताना डावीकडे असतो. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स एवढ्याच भागांत त्याच्या उलट पद्धत आहे. त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात शिकून इकडे आलेल्यांनी, आणि इकडे शिकून सुट्टीत तिकडे होडी घेणाऱ्यांनी, या एका बाबतीत विशेष लक्ष ठेवावे. फोल्समसारख्या तलावावर मात्र बहुतेक बोये पांढरे असतात आणि त्यांवर नारिंगी खुणा असतात : वर्तुळ असेल तर वेगासारखी मर्यादा, नुसता चौकोनी हिरा असेल तर धोका, आणि हिऱ्यात फुली असेल तर आत जाण्यास मनाई.

परीक्षेचे प्रमाणपत्र मिळाल्यावर कार्डासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रमाणपत्र म्हणजे कार्ड नव्हे. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क १० डॉलर आहे, आणि एकदा मिळालेले कार्ड आयुष्यभर चालते. माझे कार्ड काही आठवड्यांनी टपालाने आले.

मार्चमध्ये यंत्राचा शोध सुरू झाला. २०१२ सालची, तिघांना बसता येईल अशी, ब्रेक नसलेली जेट स्की ट्रेलरसह ४,८०० डॉलरला मिळत होती. दादांना सोबत नेले. मी आसन आणि रंग पाहत होते. ते थेट जमिनीवर वाकले. “वहिनी, यंत्र मागाहून बघा, आधी ट्रेलरची चाकं बघा. रस्त्यात बसलात तर पाण्यापर्यंत पोचणारच नाही.” त्यांनी एक चाक उचलून हाताने फिरवले आणि कान जवळ नेला. खरखर आली. बेअरिंग बदलण्याचे पैसे त्यांनी किमतीतून वजा करायला लावले नाहीत, परंतु विकणाऱ्याने दोन्ही बेअरिंग बदलून द्यावीत हे ठरवून घेतले. इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एका मेकॅनिककडून तपासून घेतले, त्याचे ९० डॉलर वेगळे.

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहाव्यात. जेट स्कीचा मालकीदाखला, ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी, आणि यंत्राच्या मागच्या बाजूस कोरलेला बारा अक्षरांचा हल क्रमांक, म्हणजे होडीच्या सांगाड्याचा क्रमांक. हा क्रमांक दाखल्यावरील क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहावा. विकणाऱ्याने हाताने लिहिलेल्या विक्रीपावतीत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ उमटला होता. या क्रमांकाच्या अनुक्रमाच्या भागात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरतच नाहीत, हे वर्गातील पुस्तकात वाचलेले असल्यामुळे ते ध्यानात आले आणि पावती तेथेच नव्याने लिहून घेतली. होड्यांची नोंदणी येथे मोटारींच्याच खात्यात, म्हणजे डीएमव्हीत, होते. आधी वेळ घेऊन गेले, तरी अर्धी सकाळ गेली. हस्तांतरणाच्या शुल्काव्यतिरिक्त खरेदीवर विक्रीकराइतकाच कर भरावा लागतो; आमच्या गावी तो पावणेआठ टक्के, म्हणजे ३७२ डॉलर झाला. खासगी व्यक्तीकडून घेतले म्हणजे कर नाही, अशी समजूत घेऊन गेलेल्या एका गृहस्थांचा चेहरा पुढच्या खिडकीवर पाहण्यासारखा झाला होता.

‘सीएफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक यंत्राबरोबरच राहतो, मालक बदलला तरी बदलत नाही. आमच्या यंत्रावरची अक्षरे उन्हाने विटली होती. ती पुढच्या अर्ध्या भागावर दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंचीची, ठसठशीत आणि पार्श्वभूमीहून वेगळ्या रंगाची असावी लागतात. अक्षरे आणि अंक यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागते. आणि वर्षाचा स्टिकर त्याच ओळीत, क्रमांकाच्या मागे तीन इंचांवर लावायचा असतो. मुलाने आणि मी गराजमध्ये बसून पट्टीने मोजून ते चिकटवले. गोड्या पाण्यासाठी उपद्रवी शिंपल्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क भरल्याचा आणखी एक स्टिकर लागतो.

यंत्रासोबत अग्निशामक नळकांडे मिळाले होते, म्हणून तो खर्च वाचला असे वाटले होते. नळकांड्याच्या बुडाशी निर्मितीचे वर्ष ठशात दिसते. ते २०१२ होते. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानुसार एकदाच वापरायची नळकांडी बारा वर्षांनंतर बाद होतात. काटा हिरव्या पट्ट्यात होता, तरीही ते बादच. नवे घेतले. शिट्टी घेतली. तिघांसाठी तटरक्षक दलाची मान्यता असलेली लाइफ जॅकेटे प्रत्येकी सुमारे ७० डॉलरला घेतली. जेट स्कीवर बसलेल्या प्रत्येकाने जॅकेट अंगात घातलेलेच असावे लागते, आसनाखाली ठेवून चालत नाही, आणि ओढताच हवा भरून फुगणारी जॅकेटे या कामाची नसतात. विमा राज्यात सक्तीचा नाही. तो मी घेतला.

एक गोष्ट आपल्याकडे संकोचापायी कोणी बोलत नाही, म्हणून मी स्पष्ट लिहिते. जेट स्कीच्या मागून पाण्याचा झोत अतिशय जोराने बाहेर पडतो. मागे बसलेली व्यक्ती वेग घेताना घसरून त्या झोतावर पडली, तर पाणी गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून आत घुसून गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते. नुसता पोहण्याचा पोशाख त्यापासून वाचवत नाही. यंत्रावरील इशाऱ्याच्या पट्टीवरच वेटसूटची विजार घालण्याची सूचना असते. ती तिघांसाठी घेतली आणि मुलाला कारणही सरळ शब्दांत सांगितले. लांब केस बांधावेत, ओढण्या, सैल पट्टे आणि दोऱ्या यंत्राजवळ नसाव्यात, कारण खालच्या जाळीतून पंप पाण्याबरोबर त्याही ओढून घेतो.

आता प्रतीक्षेकडे येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदराजवळ सोनेरी शिंपले सापडले. उत्तर अमेरिकेतील ही पहिलीच नोंद होती. हे शिंपले नळांत, पंपांत आणि धरणांच्या यंत्रणेत वाढून वाट बुजवतात. त्यामुळे फोल्सम तलावावर १४ एप्रिल २०२५ पासून इंजिनाच्या प्रत्येक होडीची तपासणी आणि त्यापुढे ३० दिवसांचे विलगीकरण सक्तीचे झाले. आम्ही शनिवार, १९ एप्रिलला तपासणीला गेलो. कर्मचाऱ्याने बुडाखालची जाळी, पंपाचे तोंड, निचऱ्याच्या बुचांची भोके आणि इंजिनाचा कप्पा टॉर्चने पाहिला, कोपऱ्यात बोट फिरवून ओल आहे का हे पाहिले, आणि मग नाकापासच्या कडीतून तार ओवून यंत्र ट्रेलरला बांधले व तिच्यावर क्रमांकाचे सील लावले. ते तुटले की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जाण्यापूर्वी यंत्र पूर्ण कोरडे करावे. आमच्या पुढच्या माणसाला आसनाखालच्या ओलीपायी परत पाठवले.

या महिन्यात मोह झाला, हे खरे. सॅक्रामेंटो नदीच्या मुखाजवळचा डेल्टा तासाभराच्या वाटेवर आहे आणि तेथे शिंपले आधीच असल्यामुळे तपासणीचा प्रश्न नव्हता. परंतु डेल्टात उतरायचे म्हणजे फोल्समचे सील तोडायचे. शिवाय दुपारी तेथे खाडीकडून जो वारा सुटतो, त्याच्या भरवशावर लोक विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या, फळ्या घेऊन येतात. भरती-ओहोटीच्या विरुद्ध तो वाहू लागला की पाणी खडबडीत होते. नवशिक्याची ती जागा नव्हे.

त्याऐवजी रविवारी सकाळी एका मोकळ्या वाहनतळावर ट्रेलर उलटा नेण्याचा सराव केला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत अवघड भाग हाच आहे. दादांनी दिलेली युक्ती सांगते : स्टिअरिंगला वरून न धरता सर्वांत खालच्या टोकाला एका हाताने धरावे, ट्रेलरचे शेपूट ज्या बाजूला न्यायचे, त्याच बाजूला हात सरकवावा. ट्रेलर आखूड असल्यामुळे तो फार झटकन वाकडा होतो, म्हणून थोडेसेच सरकवावे आणि बिघडले की सावरत न बसता पुढे घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

मुदत १९ मे रोजी संपली. आठवड्याच्या अखेरीस मेमोरियल डेच्या सार्वजनिक सुट्टीची गर्दी होणार होती, म्हणून बुधवारी, २१ मे रोजी, रजा काढून सकाळी तलावाच्या ग्रॅनाइट बे या भागातल्या रॅम्पवर, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर, गेलो. रॅम्पची रांग अडवू नये म्हणून तयारी आधी बाजूच्या जागेत करायची असते : मागची दोन्ही बुचे घट्ट बसवणे, पट्टे सोडणे, आणि आसन काढून इंजिनाच्या कप्प्याला काही मिनिटे वारा देणे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते आणि पहिल्या ठिणगीला पेट घेऊ शकते. नाकाने वास घेतल्याशिवाय चावी फिरवू नये.

मनगटाला गुंडाळलेली लाल दोरी दुसऱ्या टोकाने इंजिनाच्या खटक्याला अडकवलेली असते. चालक पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबते. ती अडकवणे कायद्यानेही बंधनकारक आहे. रॅम्पपासून बोयांच्या रांगेपर्यंत ताशी ५ मैलांची मर्यादा असल्यामुळे यंत्र हळूहळू डुलत निघाले, आणि माझ्या पोटातला गोळा त्यापेक्षाही हळू विरघळत होता. मागे दादा बसले होते.

मोकळ्या पाण्यात आल्यावर त्यांनी आधी वेगाबद्दल काहीच सांगितले नाही. मुलाचा जुना पिवळा चेंडू त्यांनी पाण्यात टाकला आणि लांबून त्याच्या रोखाने ताशी वीस मैलांनी यायला सांगितले. “जवळ आलात की थ्रॉटल सोडा आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळवा.” मी तसे केले. हँडल वळले, यंत्र वळले नाही. नाक किंचित खाली झुकले, वेग उतरू लागला, आणि सरळच्या सरळ जात आम्ही चेंडूवरून गेलो. चेंडू बुडून मागे वर आला. हँडल हातात पूर्ण वळलेले असताना यंत्राने त्याची दखलही न घेणे ही भावना मी विसरणार नाही.

कारण साधे आहे. या यंत्राला सुकाणू नसते. पंप बुडाखालून पाणी ओढून मागच्या तोटीतून फेकतो, आणि हँडल फक्त त्या तोटीची दिशा बदलते. थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो आणि झोत नसला की वळण नाही. मोटारीत किंवा स्कूटरवर वर्षे घालवलेल्या माणसाचा हात संकटात आपोआप ढिला होतो, आणि येथे नेमके तेच घातक ठरते. दुसऱ्या फेरीत चेंडूपासून बरेच अलीकडे, थ्रॉटल थोडा दाबून ठेवत वळले; यंत्र झुकून सहज बाजूने गेले. हे डोक्याला पटणे वेगळे आणि बोटांना पटणे वेगळे. पुढच्या अनेक आठवड्यांत प्रत्येक वेळी उतरल्यावर पहिला सराव चेंडूचाच करत राहिले. नव्या यंत्रांत ब्रेक असतो आणि वळणाला मदत करणारी यंत्रणाही असते. तरी ज्यांना जुने यंत्र घ्यायचे आहे त्यांनी चेंडू विसरू नये.

त्याच दिवशी एका शांत कोपऱ्यात इंजिन बंद करून मुद्दाम पाण्यात उडी घेतली. मे महिन्यात ‘अमेरिकन रिव्हर’ नावाच्या नदीतून सिएरा पर्वतावरचे वितळलेले बर्फ या तलावात येत असते. श्वास आपोआप तुटक होऊ लागला. वर्गात यासाठी एक-दहा-एकचा हिशेब शिकवला होता : पहिल्या मिनिटात फक्त श्वास ताब्यात आणावा, हातपाय नीट चालतात ते साधारण दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला जवळपास तास लागतो. त्यामुळे घाबरून धडपडू नये, पण रेंगाळूही नये. वर चढायचे ते नेहमी मागून, इंजिन बंद असतानाच. खालची पायरी ओढून गुडघा टेकवायचा आणि आसनाचा पट्टा धरून पोटावर सरकायचे. पहिल्यांदा हाताला बळच उरले नाही. दादांनी वरून हात दिला नाही, हे त्यांचे बरोबरच होते, कारण पुढे मुलासोबत असताना मला स्वतःलाच चढावे लागणार होते. यंत्र पालथे झाल्यास कोणत्या दिशेने उलटवायचे याची बाणाची खूण मागे असते. उलट दिशेने फिरवल्यास पाणी इंजिनात जाऊ शकते, म्हणून ती खूण किनाऱ्यावरच पाहून ठेवावी.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर मुलगा पुढे आणि मी मागे असे आम्ही उतरू लागलो. लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला, म्हणजे त्याच्या. पोहणाऱ्यापासून १०० फुटांच्या आत आणि पोहण्याच्या किनाऱ्यापासून २०० फुटांच्या आत ताशी ५ मैलांहून वेग नाही. दुसऱ्या होडीच्या १०० फुटांच्या आत तिच्या लाटेवरून उडी मारणे गुन्हा. रात्री जेट स्की पाण्यात नाही. मुलाला यातला लाटेचा नियम सर्वांत जाचक वाटला आणि मला सर्वांत आवश्यक, कारण लाटेवर उडालेले यंत्र हवेत असताना ना वळते ना थांबते.

जुलैमध्ये एकदा गस्तीच्या होडीने हात करून थांबवले. छातीत धडधडले, पण काम पाच मिनिटांचे होते : कार्ड, नोंदणीचा कागद, नळकांडे, शिट्टी, दोरी. कार्ड आणि कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, यंत्राच्या पुढच्या छोट्या कप्प्यात ठेवलेले असावेत. मोबाइलमधला फोटो पुढे करणारे शेजारचे चालक बराच वेळ बोलत बसले होते. गस्तीवाल्यांनी जाताना हेही सांगितले की, मालमत्तेचे नुकसान ५०० डॉलरहून अधिक झाले किंवा कोणाला प्रथमोपचारापलीकडे दुखापत झाली, तर अपघाताचा लेखी अहवाल देणे चालकावर बंधनकारक असते.

प्रत्येक वेळी बाहेर पडताना बुचे काढून पाणी सांडावे, इंजिन काही सेकंदच चालवून पंपातले पाणी फेकावे, कारण ते पाण्याबाहेर अधिक वेळ चालवल्यास तापते, आणि मग तपासणीच्या जागी पुन्हा सील लावून घ्यावे. सील शाबूत असेल तर त्याच तलावावर परतताना पुन्हा महिनाभर थांबावे लागत नाही. उन्हाळा सरता सरता तलावाची पातळी उतरते, खडक वर येतात, आणि ती समुद्रसपाटीपासून ४०० फुटांच्या खाली गेली की संपूर्ण तलावावर ताशी ५ मैलांची मर्यादा लागू होते. निघण्यापूर्वी पातळी पाहून घेतल्यास ट्रेलर जोडण्याचे श्रम वाचतात.

हे मी २०२५ चा हंगाम सरताना लिहिते आहे. होड्यांची नोंदणी येथे विषम वर्षांच्या ३१ डिसेंबरला संपते, त्यामुळे आमची या वर्षअखेर संपेल. शिंपल्यांच्या स्टिकरचे शुल्क त्याच वेळी भरायचे आहे. सूचना जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ नये म्हणून हस्तांतरणानंतर टपालाने आलेल्या दाखल्यावरचा पत्ता मी तपासून ठेवला आहे. बॅटरी काढून गराजमध्ये ठेवली आहे, टाकीत पेट्रोल टिकवणारे द्रव्य घातले आहे, आणि सील अजून जागेवर आहे. मुलगा फेब्रुवारीत सोळा वर्षांचा होईल. त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण झाला असून १० डॉलरचा अर्ज तेवढा भरायचा राहिला आहे.